गेवराईच्या बांधावरून, बियांच्या मागावर

गेवराई तालुक्यात नाव घ्यावं असा गड नाही, दाट जंगल नाही; त्यामुळे भटके धुळे-सोलापूर महामार्गावरून थेट पुढे जातात. पण बी कसं प्रवास करतं हे पाहायला असाच मुलूख हवा: कापूस-उसाच्या मधले बांध, गायरानं, पैठणच्या उजव्या कालव्याची कड. रानाचे असे तुकडे पडले की लांब उडणाऱ्या बीचं मरण ओढवतं. नांगरटीत किंवा डांबरावर पडलं की संपलं.

फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात हे मोजलं गेलंय. पदपथावरच्या झाडांच्या आळ्यांत वाढणारं क्रेपिस सँक्टा हे तण दोन तऱ्हेचं बी धरतं: पिसाऱ्याचं हलकं आणि जागीच पडणारं जड. शहरात जड बियांचं प्रमाण वाढलं, तेही साधारण ५ ते १२ पिढ्यांत, असं २००८च्या अभ्यासात दिसलं.

ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर हा काळ धरा आणि उन्हं चढायच्या आत निघा. सुरुवात तलवाड्याच्या त्वरितादेवीच्या डोंगरापासून करा. वाटेत कुसळी गवत भेटेलच. एक सुकं कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटतो, शेपूट गरगर फिरू लागतं. रात्री दवानं ओलं, दिवसा कोरडं, असं वळत वळत टोकदार बी जमिनीत शिरतं. तुमच्या मोज्यांतूनही तसंच शिरतं, म्हणून पायांवर गुळगुळीत कापडाची पँट हवीच.

गायरानात खाली पाहून चाला. गोखरूचं फळ वाळल्यावर पाच काटेरी तुकड्यांत फुटतं आणि शेळ्यांच्या खुरांत, चपलांत, टायरांत रुतून पुढच्या तुकड्यावर पोचतं. ज्या रानात कळप फिरतात तिथे ही युक्ती वाऱ्यापेक्षा भरवशाची, असं मला वाटतं.

तिथून राक्षसभुवनला गोदाकाठी या. १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाला हरवलं ते हेच ठिकाण. काठावर शंकेश्वराचं आकडेदार फळ मिळालं तर फोडून पाहा: आत दोन बिया. एक लवकर रुजते, दुसरी बहुधा पुढच्या हंगामासाठी थांबते. पात्रात मात्र उतरू नका. वाळूउपशाचे खड्डे खोल असतात, आणि जायकवाडीतून पाणी सोडलं तर पातळी झपाट्यानं चढते.

परतताना गाडीत बसण्याआधी बूट-मोजे झटका, तळव्यांचा चिखल तिथेच खरवडा. गाजर गवताचं बारीक बी चिखलातूनही गावोगाव जातं.