कात्री शेवटी हातात घे

पोरी, बुटीक काढायलीस, चांगलंय. खण, इरकल, बाराबंदी, सगळ्यालाच सध्या गिऱ्हाईक आहे. माझं सांगणं एवढंच, की कात्री शेवटी हातात घे. आपली जुनी वस्त्रं बरीचशी न कापता नेसायची असायची, आणि कापायचीच झाली तर कुठून, हे विणणाऱ्यानं आधीच ठरवलेलं असायचं. तेवढं ओळखायला शिक, मग तुझ्या फॅशनला मी आडवी येत नाही.

इरकल घ्यायला आपल्या सोलापुरात चाटी गल्लीत गेलीस की दुकानदार पदर पसरून दाखवेल. तू तो उलटा कर आणि अंग नि पदर जिथं मिळतात तिथं बोट फिरव. अस्सल टोपपदरात अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा. दोन्ही फाशात फासा अडकवून जोडलेले असतात आणि तो जोड बोटाला लागतो. मागावाल्याला प्रत्येक लुगड्याला हा खटाटोप नव्यानं करावा लागतो, म्हणून किंमत करताना घासाघीस बेतानं कर. पदराच्या तांबड्यातली पांढरी नक्षी बघ : फणी, कोटाचे कंगोरे, ज्वारीचं कणीस. इरकल जिथलं, ते इलकल गाव कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात असलं तरी नक्षी आपल्याच मुलखातली वाटते ती त्या कणसामुळं. अंगावर कसुती असली तर तीही उलटून बघ. गावंती आणि मुरगी हे टाके दोन्हीकडून सारखेच दिसतात, गाठ कुठं नसते. मागं दोऱ्यांचा गुंता दिसला तर ते बहुतेक मशीनचं काम. स्वस्तात मिळत असेल तर ते जरूर घे, पण हातचं म्हणून विकू नकोस.

पदराचा कुर्ता किंवा ओढणी करायची हौस असली तर जोडावर कात्री लावू नकोस. अंगाचं चार बोटं कापड पदराकडं राहू दे, नाहीतर फासे उसवत जातात. आणि धडधाकट लुगडं तर कापूच नकोस. घराघरांतल्या ट्रंकांत अंग विरलेली पण काठ-पदर शाबूत असलेली लुगडी पडून आहेत, ती माग. आमच्या वेळी लुगडं मधे विरलं की तेवढा भाग काढून दोन्ही टोकं जोडायचो. त्याला दंड घालणं म्हणायचे. दंडाचं लुगडं पुन्हा वर्ष-दोन वर्षं चालायचं, मग त्याची वाकळ व्हायची. तुम्ही त्याला अपसायकलिंग म्हणता आणि वर पैसे घेता. घ्या की, मेहनत आहे.

धुण्याचं नीट ऐक. पहिलं पाणी गार, त्यात मूठभर मीठ, आणि लुगडं एकटंच. तांबडा पदर रंग सोडतो आणि पांढऱ्या नक्षीची वाट लावतो, म्हणून भिजत ठेवायचं नाही, पिळायचं नाही. खळ फक्त सुती अंगाला, रेशमी पदराला नाही. वाळवायचं सावलीत आणि उलटं करून, कारण वैशाखातलं सोलापूरचं ऊन रंग खातं. ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको, जुनं मऊ धोतर फाडून त्यात गुंडाळ. अधूनमधून घडी मोड, नाहीतर नेमकं घडीवरच विरतं. अत्तर, सेंट जे काय असेल ते जरीवर मारायचं नाही.

आता खण. हा गुळेदगुड्डचा, तोही बागलकोट जिल्ह्यातलाच. पन्हा अरुंद, दोन्ही बाजूंना काठ, त्रिकोणी घडी. एका खणात एक चोळी, असा त्याचा हिशेब. काठ बाहीच्या टोकाला आणि चोळीच्या खालच्या कडेला यावा म्हणून तो तसा विणलेला असतो. ब्लाऊज बेतताना आधी काठ कुठं येतोय ते ठरव, बाकीचं मग. अस्तर लावल्याशिवाय खण शिवू नकोस, शिवणीवर धागा सरकतो. अस्तर आदल्या दिवशी भिजवून आटवून घे आणि आत भरपूर माया सोड. अंग भरलं तर तीन वर्षांनी तेच गिऱ्हाईक दुवा देत परत येतं.

खणाची साडी म्हणून जे विकतात ते अलीकडचं. हातमागाच्या खणाचा पन्हा साडीला पुरायचाच नाही, म्हणून त्या साड्या बहुतेक यंत्रमागावरच्या. दिसतात छान, माझ्या सुनेनंही घेतलीये. फक्त गिऱ्हाइकाला खरं काय ते सांग.

शिवलेल्या नऊवारीला मी नावं ठेवत नाही. लेझीम खेळणाऱ्या पोरींना तीच सोयीची. पण तिच्यासाठी इरकल कापू नकोस, साधं कापड घे. आणि शिवलेली असो की नेसलेली, एक परीक्षा कर : मांडी घालून बसायचं, उठायचं, दोन पायऱ्या चढायच्या. कासोटा कुठं ओढला तर बेतण्यात चूक आहे. बायका या कासोट्यावर रानात भांगलायच्या, त्यांना फोटो काढायचे नव्हते.

सोलापुरी चादरीचं जाकीट करणार असशील तर कापण्याआधी रेघ आखून दोन्हीकडून टीप मार. नाहीतर कडेचे धागे हातात येतील.

राहिली बाराबंदी. सिद्धरामेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, ते पेलणाऱ्या मानकऱ्यांचा हा पांढरा पोशाख. आता त्या यात्रेच्या गड्ड्याला लहान पोरंसुद्धा हौसेनं घालतात, तयार मिळते. मला ते आवडतं, पण तयार मालात खांदा आवळलेला असतो. बाराबंदी घालून हात वर जायला हवेत, म्हणून काखेत सैल ठेव. कापड सुतीच, आणि शिवण्याआधी एकदा धुतलेलं. बंद त्याच कापडाचे कर, विकतची नाडी लावू नकोस, ती सुटत राहते. बटण लावून बंद नुसते शोभेला लोंबकळत ठेवणार असशील तर तिला कुर्ता म्हण, बाराबंदी म्हणू नकोस.

संक्रांत जवळ आली की आपल्याकडं कुठलाच शिंपी नवं काम घेत नाही. यंदा ऑर्डरी घ्यायच्या असतील तर दिवाळी झाली की लगेच कापड आणून भिजव.