दोन वर्षं उभ्या राहणाऱ्या गाडीविषयी

वालूर, ता. सेलू, जि. परभणी

चि. संदीप यास अनेक आशीर्वाद.

वहिनी सांगत होत्या, तू जानेवारीत दोन वर्षांसाठी जर्मनीला निघालास आणि गाडी गावी आणून ठेवणार आहेस. ठेव, वाड्यात जागा आहे. पण पुढे त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही दर रविवारी पाच मिनिटं सुरू करत जा, म्हणजे झालं." ते मात्र माझ्याकडून होणार नाही. का होणार नाही, ते नीट सांगावं म्हणून लिहायला बसलो.

लीटरभर पेट्रोल जळलं की जवळजवळ तेवढंच पाणी तयार होतं. रोजच्या चालत्या गाडीत ते वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं. पाच मिनिटांत इंजिन धड तापत नाही, मग तेच पाणी सायलेन्सरमध्ये साचतं आणि थोडं ऑइलमध्येही उतरतं. शिवाय स्टार्टर बॅटरीतून जेवढं ओढतो तेवढं उभ्या उभ्या भरून निघत नाही. म्हणजे दर रविवारी गंज वाढवायचा आणि बॅटरी उतरवायची. गाडी चालवायची तर निदान पंधरा-वीस किलोमीटर रस्त्यावर काढावी, नाहीतर पूर्ण निजवून ठेवावी. मला या वयात दर आठवड्याला सेलूपर्यंत फेरी मारायची हौस नाही, आणि गावातली पोरं चावी मागायला येतील ते वेगळंच. तेव्हा निजवायची.

एसटीत मी वर्कशॉपला होतो हे तुला ठाऊकच आहे. मार्च २०२० च्या लॉकडाऊनला गाड्या उभ्या राहिल्या, आणि एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात नोव्हेंबर २०२१ पासून पुन्हा. उच्च न्यायालयानं २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं, तेव्हा कुठे चाकं नियमित फिरू लागली. इतके महिने उभ्या असलेल्या गाड्यांचं इंजिन बिघडलेलं माझ्या हाती आलं नाही. आल्या त्या उतरलेल्या बॅटऱ्या, बसलेले टायर, चिकटलेले ब्रेक आणि पाखरांची घरटी. उभी गाडी खराब होते ती अशी कडेकडेनं. म्हणून लक्ष तिकडे ठेवायचं.

पुण्याहून निघण्याआधी ऑइल आणि फिल्टर बदलून घे. जुन्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी असतं, ते दोन वर्षं बेअरिंगवर बसून राहू देऊ नये. नवं टाकून इथवर चालवत आणलीस की ते सगळीकडे पसरतं. कूलंटही तपासून घे. कमी असला तर आपल्या बोअरचं पाणी ओतू नकोस, त्यातला क्षार रेडिएटरमध्ये धरतो.

पेट्रोलचं थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे लोक जुन्या समजुतीवर चालतात. टाकी काठोकाठ भरून ठेवा, मोकळ्या जागेत दमट हवा राहणार नाही, असं जुने मेकॅनिक सांगायचे आणि पत्र्याच्या टाक्यांच्या काळात ते बरोबरच होतं. पण आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे. आपल्याच भागातल्या उसाचं म्हण. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. फार झालं की पाणी आणि इथेनॉल पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशी बसतं, आणि पंप तिथेच असतो. तसंही दोन वर्षांत पेट्रोल शिळं होऊन चिकट राळ सोडतं, ती इंजेक्टरमध्ये अडकते. म्हणून टाकी जवळपास रिकामी करत आण. उरलेलं गॅरेजवाल्याकडून उपसून घेऊ, तू आल्यावर ताजं भरू. गाडीच्या पुस्तिकेत याहून वेगळं लिहिलं असेल तर मात्र पुस्तिकेचं खरं मान, माझं नको.

जागेचा विचार मी केला आहे. गावातली बारव पाहायला हल्ली बाहेरगावची माणसं येतात, त्यांच्या गाड्या वळवताना गल्लीत कुणाचं ना कुणाचं बंपर घासतंच, म्हणून बाहेर उभी करायची नाही. गोठ्याला लागून शेड आहे, तीही नको. शेणामुताच्या वाफेत अमोनिया असतो, आणि शेजारी युरिया-पोटॅशची पोती. खताच्या धुळीनं पत्रा कसा खातो ते आपल्या पेरणीयंत्राकडे बघून कळेल. मोकळ्या काळ्या मातीवरही नको. मे महिन्यात ती भेगाळते, जुलैत फुगते, आणि खालून ओल येतच राहते. ढाळजेच्या बाजूला फरशी आहे, तिथे गाडी मावते. मी मोजून पाहिलं.

तिथे उभी केल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही. ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात, मग पुढे हातोडा घेऊन बसावं लागतं. गिअरमध्ये टाकू आणि चाकांना लाकडी ठोकळे देऊ. चाकं फरशीवरून उचलून पक्क्या स्टँडवर घेणं सगळ्यात चांगलं, पण नुसत्या जॅकवर गाडी सोडून जायचं नाही, माणूस खाली सापडतो. स्टँड मिळाले नाहीत तर टायरमध्ये हवा थोडी जास्त भरू, टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या आत. अधूनमधून मी गाडी हातभर पुढे-मागे ढकलत जाईन.

बॅटरी दोन वर्षं नुसती पडून राहिली तर मरणारच. उन्हाळ्यात इथे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्यात ती अधिक लवकर उतरते. ती आपल्या दुसऱ्या गाडीला लावून वापरात ठेवू, तू आल्यावर नवी घे. काढताना निगेटिव्ह तार आधी सोडायची, लावताना ती शेवटी. बॅटरी काढल्यावर सेंट्रल लॉक चालत नाही. तेव्हा साध्या किल्लीनं दार उघडतं का हे पुण्यातच बघून ठेव.

आता उंदीर. सोयाबीन घरात आलं की ते येतातच, आणि वायरीचं आवरण त्यांना फार आवडतं. सायलेन्सरच्या तोंडाला आणि हवेच्या नळीला बारीक जाळी बांधू. जिथे जिथे काही बांधलं किंवा काढलं, ते कागदावर लिहून तो कागद स्टिअरिंगला अडकवायचा. दोन वर्षांनी तू येशील तेव्हा मी घरी असेनच असं नाही, आणि जाळीसकट इंजिन सुरू करणारे महाभाग मी पाहिले आहेत. वर ताडपत्री टाकायची नाही, आत ओल कोंडते. सुती कव्हर आण.

कागदपत्रांत तुझ्यासारखी शिकलेली मुलं चुकतात. विमा संपून ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस जातो. गाडी उभी आहे म्हणून विमा सोडू नकोस. वाड्यात आग लागू शकते, चोरी होऊ शकते. नूतनीकरणाच्या तारखा तुझ्या वडिलांना लिहून दे. पीयूसीचं आल्यावर बघू.

आलास की लगेच चावी फिरवू नकोस. आधी बॉनेट उघडून घरटं शोध, कागद वाचून जाळ्या काढ, ऑइल बघ. ब्रेक ऑइल दोन वर्षांत ओल धरतं, ते बदलायचंच. मग गल्लीत हळू चालवून ब्रेक लागतो का ते बघ, आणि त्यानंतरच सेलूच्या रस्त्याला लाग.

संक्रांतीच्या आत गाडी घेऊन ये, मी घरीच आहे. दुसरी किल्ली, पुस्तिका आणि चाकाचा पाना बरोबर असू दे. आणि सीटखाली सांडलेला चिवडा पुण्यातच झाडून घे, उंदरांना इथपर्यंत आमंत्रण नको.

तुझा,
तात्या