घरचा माल, ऑनलाइन बाजार आणि हाती येणारी पट्टी



आपल्या वरणगाव परिसरात ऊस-केळी पिकविणाऱ्या घरांतूनही उन्हाळा आला की बिबड्या, कुरडया आणि उडदाचे पापड वाळत पडतात. काळा मसाला तर घरोघर होतो. हा माल आजवर पाहुण्यांच्या पिशवीतून पुण्या-मुंबईस जात आला. आता तोच ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो यांसारख्या ऑनलाइन बाजारांत विकावा, असा विचार बऱ्याच घरांत व बचत गटांत चालू आहे. विचार चांगलाच आहे. मात्र फोनवर दिसणारी किंमत ही आपली किंमत नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे.

आडत, हमाली, तोलाई कापून हाती यायची ती पट्टी आठवा. ऑनलाइन बाजारही तसाच. तो आपला माल विकत घेत नाही. तो गिऱ्हाईक दाखवतो, पैसे गोळा करतो आणि आपले कापून उरलेले बँकेत जमा करतो. कापतो काय काय? विक्रीवर टक्केवारी, काही ठिकाणी दर नगामागे ठराविक आकार, पार्सल पोचविण्याचा खर्च, आणि या सेवांवर १८ टक्के जीएसटी. प्रत्येक बाजाराचे दर निराळे असतात आणि ते बदलतातही. मीशोने तर २०२१ पासून विक्रीवरची टक्केवारी घेणेच बंद केले. म्हणून विक्रेत्यांसाठीचे दरपत्रक स्वतः वाचावे, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये.

आता नमुन्याचा एक हिशेब मांडून पाहू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत. काळ्या मसाल्याची पाव किलोची पुडी २०० रुपयांस लावली. टक्केवारी ८ टक्क्यांप्रमाणे १६ रुपये, ठराविक आकार १२, पार्सल ५५, झाले ८३. त्यावर जीएसटी १५. म्हणजे ९८ रुपये तिथेच गेले, हाती आले १०२. त्यातून मिरची-धणे-खोबरे व कांडप ७० आणि पिशवी-खोके १० वजा केले की राहिले २२ रुपये. घरच्या बाईची मजुरी अजून धरलेलीच नाही, बरे का! मसाल्यावरचा ५ टक्के जीएसटीही धरलेला नाही. नोंदणी असेल तर तोही याच २०० रुपयांत बसवावा लागेल.

पुढे बघा. दहा पुड्यांतली एक परत आली. खाण्याची फुटलेली पुडी पुन्हा विकता येत नाही. तिचे ८० रुपये आणि पार्सलचे करासह ६५ असे १४५ गेले. नऊ पुड्यांचे १९८ मिळाले होते, उरले ५३. दहा पुड्यांच्या धंद्यात ५३ रुपये!

मग धंदा करूच नये काय? करावा, पण पुडी बदलून. पार्सलचा पहिला टप्पा बहुधा अर्ध्या किलोपर्यंत असतो. त्याच भावाने २०० ग्रॅमच्या दोन पुड्या एकत्र ३२० रुपयांस लावल्या, तर खोक्यासह वजन अर्ध्या किलोच्या आत राहते. पार्सल तेच ५५ रुपये. सगळी कापणी ११० रुपये, माल व खोके १२८, शिल्लक ८२. मसाला तोच, भाव तोच. फरक फक्त बांधणीचा.

आणि आपल्या खान्देशी मालाची खरी अडचण येथेच आहे. कुरिअरवाले काट्यावरचे वजन आणि आकारमानाचे वजन अशी दोन्ही काढतात आणि जे जास्त भरेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची, गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी ५००० ने भागायचे. ४० बाय ३० बाय २० च्या खोक्यात दीड किलो बिबड्या भरल्या तर २४००० भागिले ५०००, म्हणजे ४.८ किलो. दीड किलोच्या मालाला जवळजवळ पाच किलोचे भाडे! कुरडया आणि केळीच्या वेफर्सचे तेच. वर मोडतोड आहेच. मसाला, डाळ, गुळाची पावडर यांना हे भय नाही, हा माल घट्ट बसतो. पापडही एकावर एक रचून भरला तर परवडतो. तेव्हा सुरुवात मसाल्यापासून करावी आणि बिबड्या मागाहून घ्याव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताज्या केळीचा तर विचारच नको. जळगाव केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०२१ मध्ये तांदलवाडीची केळी दुबईला गेली. पण तो टनावारी निर्यातीचा व्यवहार, घरपोच पार्सलचा नव्हे.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. खाद्यपदार्थाला अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला साधी नोंदणी पुरते. तो १४ आकडी क्रमांक, निव्वळ वजन, कमाल किंमत, घटक, बनविल्याची व संपण्याची तारीख आणि आपला पत्ता पुडीवर छापलेला हवा.

जीएसटीचे मात्र नीट समजून घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्या लहान विक्रेत्याला पूर्ण नोंदणीवाचून, नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन माल विकता येतो. पण फक्त आपल्या राज्यात. म्हणजे वरणगावचा मसाला पार सावंतवाडीला चालेल, आणि शेजारच्या बऱ्हाणपूरला चालणार नाही! तिकडचे गिऱ्हाईक हवे असेल तर पूर्ण नोंदणी करा.

खाते काढून देतो म्हणून फोन करून पैसे मागणाऱ्यास किंवा ओटीपी विचारणाऱ्यास दारातूनच परत पाठवा. बचत गटाने प्रत्येक ताईचे वेगळे खाते काढण्यापेक्षा गटाचे एकच काढावे. एकच चव, एकच छाप, आणि खोकी घाऊक दराने मिळतात. कोणाचा घाणा कोणत्या तारखेचा, याची वही मात्र ठेवा. तक्रार आली तर ती कोणाच्या मालाची ते कळले पाहिजे.

आणि माल बाजारात लावण्याआधी एक खोके नागपूरच्या लेकीला नाहीतर नाशिकच्या भाच्याला कुरिअरने धाडा. भाडे किती लागले ते वहीत लिहा, आणि किती बिबड्या अख्ख्या पोचल्या ते मोजून कळवायला सांगा.