सागरकाठचे माहेबूर

नगरहून पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पारनेर तालुक्यात, सुपा हे आमचे गाव वसलेले आहे. सह्याद्रीने पावसाचे ढग अडवून धरावेत आणि उरलेसुरले चार थेंब आमच्या वाट्यास यावेत, ही या मुलखाची पूर्वापार रीत. बाजरी, हुलगे, मेंढरांचे कळप आणि उन्हाळ्यात पाण्याची वाट पाहणाऱ्या घागरी, हे आमचे वैभव. अशा गावात ज्याचा जन्म अध्यापनात गेला, त्याने समुद्राची गोष्ट काय सांगावी, असे तुम्हांस वाटेल. परंतु विद्यार्थिमित्रहो, क्षणभर नकाशा उघडा. सुपा विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १९ अंशांवर आहे. आता विषुववृत्त ओलांडून जवळजवळ तेवढेच अंतर दक्षिणेकडे मोजा आणि थोडे पश्चिमेस सरका. हिंदी महासागराच्या निळाईत एक ठिपका दिसेल. ते मॉरिशस बेट. त्याच्या आग्नेय किनाऱ्यावर, २० अंश दक्षिण अक्षांशाच्या किंचित पुढे, माहेबूर नावाचे एक लहानसे शांत गाव आहे. तेथील लोक त्याचा उच्चार ‘माएबूर’ असा करतात. आमच्या कानांना मात्र त्यात प्रथम ‘माहेर’च ऐकू आले.

बेट मोठे नाही. त्याचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, तर आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचे १७,०४८. म्हणजे एका जिल्ह्यात अशी नऊ बेटे सहज मावतील. परंतु त्या भूमीवर पाऊल ठेवताच एक गोष्ट ओळखीची वाटली. रस्त्याकडेचा दगड काळा, अगदी आमच्या शिवारातल्यासारखा. हा केवळ योगायोग नव्हे. भूगर्भशास्त्रज्ञ असे मानतात की, पृथ्वीच्या पोटातील ज्या एका तप्त स्थानातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा उफाळला आणि दख्खनचे पठार घडले, त्याच स्थानातून पुढे कधीतरी, सुमारे ऐंशी-नव्वद लाख वर्षांपूर्वी, मॉरिशस समुद्रातून वर आले. मधल्या काळात आपली भूमी हळूहळू उत्तरेकडे सरकत गेली. एकाच भट्टीतील दोन भाकऱ्या म्हणा ना. एक आधी उतरली, दुसरी मागाहून!

आम्ही गेलो तो महिना ऑगस्टचा होता. आपल्याकडे श्रावणसरी चालू असतात, तेव्हा तेथे हिवाळा असतो. अर्थात तो हिवाळा आपल्या दिवाळीच्या थंडीहून कडक नसतो. दुपारी बारा वाजता सूर्य उत्तरेच्या बाजूस दिसतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. भूगोलाच्या पुस्तकातून हे आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो. पण स्वतःची सावली उलट दिशेस पडलेली पाहण्यात काही निराळीच गंमत आहे.

माहेबूरची वस्ती वीस हजारांच्या आतली. रस्ते सरळ व एकमेकांस काटकोनात छेदणारे, कारण फ्रेंचांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हे गाव आखून वसविले आणि आपल्या एका जुन्या गव्हर्नराचे, माए द लाबूर्दोने यांचे, नाव त्यास दिले. राजधानी पोर्ट लुई येथील गजबज इकडे नाही. घरे बैठी, काहींची छपरे पत्र्याची. धक्क्यावर रंगीत होड्या बांधलेल्या आणि म्हातारे कोळी जाळी उसवून पुन्हा विणीत बसलेले. सोमवारी मात्र गाव जागे होते. त्या दिवशी येथे बाजार भरतो. भोपळे, मिरच्या, अननस, कापडचोपड, खारे मासे, तळलेली डाळीची भजी, सारे काही तेथे मिळते. आठवडे बाजार पाहावा तो आमच्याकडे, असा आमचा समज होता. परंतु भाव पाडून मागण्याची कला दोन्हीकडे एकच आहे, असे आढळले.

किनाऱ्यापुढचे पाणी पाहून कोकणातील समुद्र पाहिलेला माणूसही चकित होतो. येथे लाटा किनाऱ्यावर आदळत नाहीत. दूरवर, क्षितिजाच्या अलीकडे, पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसते. तेथे पोवळ्यांचा बांध आहे. पोवळे म्हणजे रत्न हे आपण जाणतोच. पण ते घडविणारे जीव अगदी चिमुकले असतात. समुद्राच्या पाण्यातील चुना घेऊन ते आपल्याभोवती घर बांधतात. ते मेले की त्यांच्या घरांवर पुढची पिढी घर बांधते आणि असे हजारो वर्षे चालून पाण्यात भिंत उभी राहते. महासागराचा सारा कोप त्या भिंतीवर खर्ची पडतो. अलीकडे राहते ते उथळ, स्वच्छ, काचेसारखे पाणी. त्याला ‘लगून’ म्हणतात. त्यात मासे वाढतात आणि त्यावरच कोळ्यांची चूल पेटते.

या शांत पाण्याने फार मोठा गोंगाटही ऐकला आहे. १५९८ साली डच दर्यावर्दी याच उपसागरात उतरले आणि आपल्या राजपुत्राच्या नावावरून त्यांनी बेटास मॉरिशस हे नाव दिले. त्यांच्या येण्यानंतर शंभर वर्षांच्या आत येथला डोडो पक्षी नामशेष झाला. त्याला उडता येत नव्हते आणि माणसाचे भय त्याने कधी जाणले नव्हते. १६३९ मध्ये डचांनी जावा बेटातून ऊस आणला, १७१० मध्ये ते निघून गेले, ऊस राहिला. मग फ्रेंच आले. १८१० च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच व इंग्रज आरमारांची येथे मोठी झुंज झाली. इंग्रजांच्या चार युद्धनौका त्यात गमावल्या गेल्या. त्यांपैकी दोन पाण्याखालील पोवळ्यांच्या खडकांत रुतल्या आणि शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून इंग्रजांनी त्या स्वतःच पेटवून दिल्या. फ्रेंचांचा सेनानी दुपेरे आणि इंग्रजांचा कप्तान विलोबी दोघेही घायाळ झाले होते. त्या दोघांनाही एकाच घरी नेऊन त्यांच्यावर उपचार करण्यात आले! ते घर आजही उभे आहे. त्यात आता इतिहासाचे संग्रहालय आहे. पॅरिसच्या विजयकमानीवर या लढाईचे नाव कोरलेले आहे खरे, पण त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी पुन्हा चाल करून बेट घेतलेच. त्यांच्या फौजेत हिंदी शिपाईही होते. स्वातंत्र्य यावयास पुढे १२ मार्च १९६८ हा दिवस उजाडावा लागला.

गावाबाहेर पडले की दोन्ही अंगांस उसाचे मळे लागतात. मळ्यांच्या मधोमध काळ्या दगडांचे उंच ढीग रचलेले दिसतात. परका मनुष्य त्यांना एखाद्या पुरातन देवळाचे अवशेष समजेल. ते दगड माणसांनी हातांनी वेचून रचले आहेत. १८३५ मध्ये या बेटावरील गुलामगिरी कायद्याने संपली; मळेवाल्यांना स्वस्त हात हवे होते, ते हिंदुस्थानातून आणले गेले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अॅटलास’ जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर पोर्ट लुईस उतरले. तेथपासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आली. बहुतेक बिहारकडची, पुष्कळ मद्रासकडची, आणि काही मुंबई बंदरातून निघालेली मराठी माणसे, त्यांत रत्नागिरीकडची पुष्कळ. शिडाच्या जहाजातून कित्येक आठवड्यांचा प्रवास, पाच वर्षांचा करार, आणि परत फिरण्याची आशा. बहुतेक परतलेच नाहीत. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले, त्याला आता ‘आप्रवासी घाट’ म्हणतात. त्याच्या १६ पायऱ्या अजून आहेत. २००६ साली तो जागतिक वारसा ठरला. तो पाहिल्यावाचून मॉरिशस पाहिले असे कोणी म्हणू नये, असे आमचे मत आहे.

आमचे यजमान त्या मराठी माणसांचे वंशज होते. बेटाच्या पश्चिमेस कास्काव्हेल नावाच्या गावी त्यांचे घर. ते स्वतः निवृत्त शिक्षक. त्यांचे घराणे पाच पिढ्यांपूर्वी आले. घरी क्रिओल भाषा चालते, कचेरीत इंग्रजी व फ्रेंच. मराठी ते शाळेत शिकले आणि पुढे त्यांनी शिकविलीही. तेथील शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीस साऱ्या देशाला सुटी असते आणि कोकणातील जाखडी नृत्य तेथे अद्याप नाचले जाते. ते आम्हांस ‘गुरुजी’ म्हणत. त्यांचे मराठी पुस्तकी, पण शुद्ध होते. आमच्या तोंडचा एखादा ग्रामीण शब्द आला की खिशातील वही काढून ते तो टिपून घेत.

एका सकाळी त्यांनी आम्हांस माहेबूरच्या जुन्या बिस्किटांच्या कारखान्यात नेले. १८७० पासून एकच कुटुंब तो चालवीत आहे. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, त्याच कंदाचे पीठ करून ही बिस्किटे भाजतात. तव्याखाली जळत होती उसाची वाळलेली पाने.

“गुरुजी, या पानांना आपल्याकडे काय म्हणतात?” यजमानांनी विचारले.

“पाचट.”

त्यांनी वही काढली. “हा शब्द आमच्याकडे उरला नाही. ऊस आम्हीच तोडला, पण नाव क्रिओलमध्येच घेतो.” आणि त्यांनी ‘पाचट’ असे स्वच्छ अक्षरांत लिहिले.

मग त्यांनीच २०२० सालची हकीकत सांगितली. २५ जुलैच्या रात्री ‘वाकाशिओ’ नावाचे, सुमारे तीनशे मीटर लांबीचे जपानी मालकीचे जहाज माहेबूरच्या दक्षिणेस पोवळ्यांच्या बांधावर चढले. ते ब्राझीलकडे रिकामेच निघाले होते; परंतु त्याच्या टाक्यांत सुमारे ४,००० टन इंधन होते. भ्रमणध्वनीचे संकेत मिळावेत म्हणून जहाज किनाऱ्यालगत आणले होते, असे पुढे चौकशीत निष्पन्न झाले. एवढ्यासाठी! बारा दिवस ते तसेच लाटांचे तडाखे खात राहिले. ६ ऑगस्टला त्याला चीर पडली आणि काळे, चिकट तेल लगूनमध्ये पसरू लागले. सुमारे १,००० टन तेल सांडले.

समुद्रावर तेल सांडले तर ते पसरू नये म्हणून तरंगते कुंपण घालतात. तसे कुंपण पुरेसे हाती नव्हते. तेव्हा गावाला उसाची आठवण झाली. तेल पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते आणि कोरडे पाचट तेल शोषून घेते. मग पाचटाच्याच लांबलचक उशा का करू नयेत? मळ्यांतून गाड्या भरभरून पाचट माहेबूरच्या धक्क्यावर आले. कोणी कापड आणले, कोणी जाळी; पाचट बुडू नये म्हणून आत रिकाम्या बाटल्या कोंबल्या. केसही तेल धरून ठेवतात असे कळताच कित्येकांनी आपले केस कापून दिले. हे काम अधिकाऱ्यांवर सोपवा, असे शासनाचे सांगणे होते. पण लोक थांबले नाहीत. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शाळेतली मुले, म्हाताऱ्या बाया, सारे ओळीने बसून शिवीत होते आणि कोळी ती कुंपणे होडीतून ओढीत नेत होते.

“आमचे पणजोबा पाचट सोलता सोलता म्हातारे झाले,” यजमान म्हणाले. “मी आयुष्यात प्रथमच त्याला हात लावला तो त्या दिवशी.”

सारे तेल काही अडले नाही. कांदळवनांच्या मुळांना ते चिकटून बसले आणि मासेमारी कित्येक महिने बंद राहिली. जहाजातील उरलेले इंधन बहुतांशी उपसून काढण्यात आले. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले. पुढचा भाग ओढून नेऊन खोल समुद्रात बुडविण्यात आला. मागचा भाग मोडून काढण्यास २०२२ साल उजाडले. ज्या घरी एकेकाळी दोन शत्रू शेजारी शेजारी निजले, तेथून चालत गेले की हा धक्का येतो. आता तेथे कसलीही खूण दिसत नाही. मुले गळ टाकून बसलेली असतात.

धक्क्यापासून थोड्या अंतरावर पाण्यात एक सपाट बेटुकले आहे, ‘इल ओ एग्रेत’. त्याचे क्षेत्र अवघे २६ हेक्टर, म्हणजे पासष्ट एकरांच्या आत. माणूस येण्यापूर्वी या किनाऱ्यावर जे आबनुसाचे अरण्य होते, त्याचा शेवटचा तुकडा येथे राखला आहे. तेल पसरू लागले तेव्हा राखणदारांनी येथल्या रोपवाटिकेतील हजारो रोपे आणि काही पक्षी होडीत घालून मोठ्या बेटावर नेले. याच ठिकाणी गुलाबी पारवा आढळतो. तो मॉरिशसवाचून जगात अन्यत्र कोठेही रानात नाही. १९९१ च्या सुमारास असे दहाच पक्षी रानात उरले होते. घरटी राखून, पिल्ले वाढवून आणि उंदीर-मांजरांचा बंदोबस्त करून ती संख्या आता चारशेंच्या वर गेली आहे. डोडोही कबुतराच्याच कुळातला होता, हे आम्हांस तेथेच समजले.

आम्ही वाटेवरून चालत असता एक पारवा खालच्या फांदीवर येऊन बसला. छाती फिकट गुलाबी, शेपटी तांबूस, आणि ओळख पटावी म्हणून पायांत रंगीत कडी घातलेली. वाटाड्याने त्या कड्यांचे रंग पाहिले, आपल्या वहीत वेळ लिहिली आणि आम्हांस पुढे चालण्याची खूण केली.