मान डोलावली म्हणजे समजलं?

प्रश्न : मी लहान मुलांच्या वॉर्डात परिचारिका आहे. मेळघाटातून येणाऱ्या काही कोरकू आयांना मराठी नीट येत नाही. सोबत शाळेत जाणारी मोठी बहीण असली की तिच्याकडूनच सारं सांगून घेतो. आई मान डोलावते. एवढं पुरेसं आहे ना?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : ताई, तुमची धडपड योग्यच आहे; पण मराठी शाळेत जाते म्हणून ती पोर दुभाषी होत नाही. कोरकू मुंडा कुळातली, मराठीहून अगदी वेगळी भाषा. शिवाय घाबरलेली बहीण नेमकी वाईट बातमी गाळते. आणि मान डोलावणं? ते बहुधा तुमचा मान राखणं असतं.

कोरकू बोलणारी सहकारी शोधा. नसेल तर आईला विचारून गावच्या आशाताईंना फोनच्या स्पीकरवर घ्या. बोलताना पाहायचं आईकडे, दुभाष्याकडे नाही. एक वाक्य बोला, थांबा. शेवटी ‘समजलं का?’ विचारू नका, ‘घरी औषध कसं द्याल, करून दाखवा’ म्हणा. जुलाबात गफलत इथेच सापडते : ओआरएसचं मोठं पाकीट 1 लिटर पाण्यात, आणि जुलाब थांबले तरी झिंक पूर्ण 14 दिवस.

बाळाच्या पोटावर डंब्याचे, म्हणजे उपचार म्हणून तापल्या लोखंडाने दिलेल्या चटक्यांचे, डाग दिसले तर रागावू नका, दुभाष्यालाही रागावू देऊ नका. नाहीतर पुढच्या वेळी आई बाळाला आणणारच नाही.

झटके किंवा धाप असेल तर मात्र कुणाची वाट पाहू नका, उपचार सुरू करा. तेवढ्यापुरती बहीणही चालेल.