टॅरँट्युलाच्या पिल्लांचे संगोपन : एका बालरोगतज्ज्ञाने घेतलेला धडा

बडोद्यात चार दशके बालरोगतज्ज्ञ म्हणून काम केल्यावर संगोपनाविषयी आपल्याला नव्याने काही शिकावे लागेल, असे वाटले नव्हते. २०१९ साली इंग्लंडमध्ये लेकीकडे मुक्काम असताना तो समज दूर झाला. नातवाने बंदिवासात पैदास झालेली, मेक्सिकन रेड-नी या टॅरँट्युला कोळ्याची तीन पिल्ले पाळली होती. तो शाळेच्या सहलीला गेला आणि आठवडाभर त्यांचा सांभाळ माझ्याकडे आला.

या कोळ्याची मादी रेशमी कोशात काही शे अंडी घालते. अंड्यातून निघालेले पिल्लू पांढुरके व जवळजवळ निश्चल असते. ते काही खात नाही, देहातील बलकावरच जगते. एक-दोनदा कात टाकल्यावर ते शिकार करू लागते. तेव्हा त्याचा देह जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो. पुढील वाढ फार मंद असते. मादी वीस वर्षांहूनही अधिक जगू शकते, नराचे आयुष्य बरेच कमी असते.

निवारा व आहार

पिल्ले एकमेकांना खातात, म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र घर हवे. औषधाच्या गोळ्यांची स्वच्छ प्लास्टिकची डबी पुरते. झाकणाला सुईने भोके पाडावीत आणि निम्मी डबी कोकोपीटने भरावी. इवल्या देहातील पाणी लवकर उडते, म्हणून एक बाजू किंचित ओलसर ठेवावी, पण चिखल होऊ देऊ नये. आपल्याला सोसणारे घरातले तापमान त्यांनाही मानवते.

आठवड्यातून एकदा-दोनदा न उडणारी फळमाशी किंवा रातकिड्याचे अगदी लहान पिल्लू द्यावे. भक्ष्य पिल्लाच्या उदरापेक्षा मोठे नसावे. उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी काढून टाकावे, नाहीतर बुरशी धरते. उदर काळसर व तुकतुकीत दिसू लागले आणि पिल्लाने अन्न नाकारले, तर तो आजार समजू नये. ती कात टाकण्याची पूर्वतयारी असते.

माझी चूक

हे सारे नातवाने कागदावर लिहून ठेवले होते. मी ते वाचलेही होते. तरी चौथ्या दिवशी सकाळी एक पिल्लू पाय वर करून उताणे पडलेले दिसले आणि माझ्यातला डॉक्टर जागा झाला. बारीक कुंचल्याने मी त्याला सरळ केले, वर पाण्याचे थेंब सोडले. सायंकाळी पिल्लू मेलेले होते. त्याचे दोन पाय जुन्या कातीत अडकले होते.

नातू परतल्यावर एवढेच म्हणाला, "आजोबा, ते मेलं नव्हतं. कात टाकत होतं."

या चुकीतून शिकलेले निदान वैद्यकबंधूंसाठी मांडतो. कोळ्याच्या पायांतील मुख्य सांध्यांना ताणणारे स्नायू नसतात. पाय देहद्रवाच्या दाबाने पसरतात आणि स्नायूंच्या ओढीने मिटतात. त्यामुळे शरीरातील पाणी घटले की दाब उतरतो आणि पाय पोटाखाली गोळा होतात. उपडे असून पाय आखडलेले पिल्लू खरोखर संकटात असते, त्याला तातडीने ओलावा द्यावा. उताणे, पाय पसरलेले पिल्लू मात्र बहुधा कात टाकत असते. त्याला मुळीच स्पर्श करू नये. नंतरही सुळे पांढरे व मऊ असतात, ते काळे होईपर्यंत भक्ष्य देऊ नये.

दोन सूचना

हे कोळी मोठे झाल्यावर उदरावरील दाहक केस झाडतात. ते डोळ्यात रुतून दाह होतो, म्हणून लाल डोळ्याच्या रुग्णाला असा छंद आहे का, हे विचारावे. दुसरे म्हणजे, ही प्रजाती 'साइट्स' कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. भारतात वन्यजीव कायद्यातील २०२२ च्या दुरुस्तीनुसार असे प्राणी बाळगणाऱ्यास नोंदणी आवश्यक आहे. रानातून कोळी पकडून आणणे तर सर्वथा टाळावे.

उरलेली दोन्ही पिल्ले आज हयात आहेत, असे नातू कळवतो. "डॉक्टर, बाळ दोन दिवस नीट जेवत नाही, काहीतरी द्या," असे म्हणत एखादी आई येते, तेव्हा मी बाळाला नीट तपासतो, वजन पाहतो. सारे ठीक असेल, तर लेखणी खाली ठेवतो आणि आठवड्याने पुन्हा यायला सांगतो.