कन्सोल की संगणक? – एका घरातील हिशेब

गेल्या दिवाळीत आमच्या घरी वाद झाला. बाबांनी बाजूला ठेवलेल्या पैशांत एकच वस्तू येणार होती. धाकट्या भावाला टीव्हीला जोडायचा गेमिंग कन्सोल हवा होता आणि मला संगणक. "दोघांनी आपापली बाजू मांडा," असे बाबांनी सांगितले. त्या निमित्ताने झालेला अभ्यास येथे देत आहे.

प्रथम भावाची बाजू. निन्टेन्डोने १९८३ साली जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला. त्याच्या स्वस्त नकला १९९० नंतर आपल्याकडे आल्या. कॅसेट खोचली की खेळ सुरू! हा सोपेपणा कन्सोलने बराचसा टिकवला आहे. दुसरा गुण एकसारखेपणाचा. एका नमुन्याची सर्व यंत्रे सारखी असल्याने खेळ कशावर चालणार, हे तो रचणाऱ्याला नेमके ठाऊक असते. संगणक मात्र घरोघरी निराळा. तिसरा गुण किमतीचा. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला, तेव्हा डिस्क लावता येणाऱ्या यंत्राची किंमत ४९,९९० रुपये होती. तेवढ्या ताकदीचा संगणक त्या पैशांत जुळवणे कठीण होते. शिवाय डिस्क मित्राला देता येते, विकताही येते.

परंतु हे फायदे झिजत चालले आहेत. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्येच संगणकाच्या जातीचा प्रोसेसर आला. केवळ प्लेस्टेशनसाठी निघालेला 'गॉड ऑफ वॉर' २०२२ साली संगणकावरही उपलब्ध झाला. २०२४ चा प्लेस्टेशन ५ प्रो तर डिस्क ड्राइव्हशिवाय येतो. मग डिस्कची देवघेव कशी करायची?

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचे उदाहरण मला बोलके वाटले. तिचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला. संगणकावर तो ऑक्टोबरमध्ये पोचला. म्हणजे कन्सोलचा मान अजून आहे. पण असा खेळ घडतो तो संगणकावरच. खेळणाऱ्याला कन्सोल पुरतो. रचणाऱ्याला संगणकावाचून गत्यंतर नाही.

अर्थशास्त्रात आपण 'संधी खर्च' शिकतो. एक वस्तू घेताना जी दुसरी सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. कन्सोल घेतला तर टंकलेखन, प्रकल्प, नोकरीचे अर्ज, सारे सोडावे लागेल, असे मी मांडले. बाबांना ते पटले आणि संगणक घरी आला.

तात्पर्य असे, की निव्वळ खेळण्यासाठी कन्सोल आजही सरस आहे. मात्र ज्या घरात एकच यंत्र परवडते, तेथे संगणकच घ्यावा.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. आमच्या साध्या संगणकावर भावाच्या आवडीचे खेळ चालत नाहीत. रविवारी तो नवीन पनवेलला मित्राकडे खेळायला जातो. पूर्वी त्या वेळी आम्ही दोघे कॅरम खेळत असू. हा संधी खर्च माझ्या हिशेबात धरायचा राहूनच गेला.